कागदावरचे मालक

बा चिपाशांच्या हाताखाली साठ माणसं आहेत, आणि त्यातल्या एकालाही ते काम सांगू शकत नाहीत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा मालक. नावाआधीचं 'बा' आमच्याकडे मानाने लावतात. लुसाका शहरातल्या कबवाटाच्या बाजारात केस विणायच्या एका दुकानाच्या वर त्यांच्या ऑफिसच्या दोन खोल्या आहेत. तिथे मी टेबल सांभाळते, फोन उचलते आणि त्यांची थट्टा करते. साठांत मी धरलेली नाही, कारण मला ते काम सांगतात आणि मी ऐकत नाही.

धंदा समजायला सोपा आहे. परदेशातल्या लहानसहान कंपन्यांना लुसाकातली माणसं हवी असतात. पोरी चांगलं इंग्रजी बोलतात, काम चोख करतात, घरी बसून करतात. पण त्यासाठी इथे कंपनी उघडायची तर खटाटोप फार. मग ते बा चिपाशांना गाठतात. माणूस नोकरीला लागतो तो बा चिपाशांकडे, पगार त्यांच्या हातून, म्हातारपणाची वर्गणी तेच भरणार, कायद्यापुढे मालक तेच. काम सांगणारा मात्र तिकडे सातासमुद्रापार बसून उंटावरून शेळ्या हाकतो. कामगार अधिकाऱ्यापुढे उभं राहायची वेळ आली की मालक बा चिपाशा, आणि शाबासकी द्यायची वेळ आली की मालक दुसराच.

या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस मिळणार नाही. तरुणपणी ते लुआन्शाच्या तांब्याच्या खाणीत कामगार कचेरीत होते आणि रविवारी फुटबॉलचे रेफरी. म्हणजे आठवडाभर मालक आणि मजूर दोघांच्या शिव्या खायच्या, आणि रविवारी दोन्ही संघांच्या. खाण बंद पडली, गुडघे गेले, पण खिशातली कार्डं गेली नाहीत. शर्टाच्या वरच्या खिशात एक पिवळं, ताकीद द्यायचं, आणि एक लाल, मैदानाबाहेर काढायचं. परदेशी मालक स्क्रीनवर काही भलतंच बोलला की बा चिपाशा वाद घालत नाहीत, पिवळं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरतात. लाल मात्र त्यांनी कधी काढलं नव्हतं. मी एकदा विचारलं, का हो, भीती वाटते? तर म्हणाले, "मालकाला लाल कार्ड दाखवलं तर तो चेंडू उचलून घरी जाईल, आणि खेळणारे साठ जण उपाशी राहतील."

त्यांची थट्टा करायचा मला हक्क आहे. मी न्गोनी जमातीची, ते बेम्बा. आमच्या पणजोबांनी एकमेकांवर भाले फेकले, म्हणून आम्ही आता फक्त शब्द फेकतो. ते मला उंदीरखाऊ म्हणतात, मी त्यांना माकडखाऊ म्हणते, आणि कुणी कुणावर रागवायचं नाही असा नियम आहे. मयताच्या घरी तर हे आमचं कर्तव्यच. बेम्बाकडे कुणी गेलं की न्गोनींनी जायचं आणि रडणाऱ्यांना हसवून यायचं. हसवलं नाही तर आलोच नाही असं धरतात.

ओहायोतला रसेल आमच्याकडे आला तो पहिला दिवस मला चांगला आठवतो. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यांना भेटीच्या वेळा ठरवून देणारी त्याची कंपनी. गोरा, गोल चेहऱ्याचा, मागे भिंतीवर कुत्र्याचा फोटो. दवाखान्यांशी बोलायला त्याला एक मुलगी हवी होती. बा चिपाशांनी त्याला चेल्स्टन वस्तीतली कलुबा सुचवली आणि मग इथले नियम सांगायला घेतले.

"पटलं नाही तर आम्ही निरोप देतो, बस," रसेल म्हणाला. "कारण सांगायची पद्धत नाही आमच्यात."

"इथे कारण लागतं. आणि काढण्याआधी तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं."

"किती वेळ?"

"तिचं संपेपर्यंत."

रसेलने काहीतरी लिहून घेतलं. मग घरात कुणी गेलं तर काय, असा विषय निघाला. तो अभिमानाने म्हणाला, "आम्ही तीन दिवसांची पगारी रजा देतो. कुत्रा गेला तर एक दिवस."

मला हसू आवरेना. बा चिपाशांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "इथे कायद्याने बारा," ते म्हणाले. "आणि मालकाला जावं लागतं."

"कुठे?"

"मयताच्या घरी. बसायला."

"हे कायद्यात आहे?"

"नाही. कायदा मोडला तर दंड भरून सुटता येतं. हे मोडलं तर लोक लक्षात ठेवतात."

"म्हणून तर तुम्ही आहात," रसेल म्हणाला आणि हसला.

खोटं नव्हतं ते. बा चिपाशांची खरी नोकरी तीच. साठ माणसं म्हणजे साठ घरं, आणि प्रत्येक घराला मामा, मावशा, आज्या. महिन्यात दोनदा तरी त्यांच्या जुन्या गाडीत मक्याच्या पिठाचं पोतं, कोळसा आणि कोबीचे गड्डे भरले जातात आणि ते काळा कोट चढवून निघतात. दफनाच्या वेळी घरच्यांचं बोलून झालं, चर्चचं झालं की पुकारा होतो, "कामावरून कोण बोलणार?" मग बा चिपाशा उठतात आणि ज्या कंपनीचा दरवाजाही त्यांनी पाहिलेला नाही तिच्या वतीने दोन शब्द बोलतात. लोक माना डोलावतात. पोरगी कुठेतरी खरोखरच नोकरीला आहे, हवेत नाही, एवढं त्या घराला कळतं.

कलुबा हुशार निघाली. रसेल तिच्यावर इतका खूश झाला की त्याने तिला काळी, चाकांची, हात टेकायला गाद्या असलेली फिरती खुर्ची घेऊन दिली. ती खुर्ची चेल्स्टनच्या त्या छोट्या घरात आली तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले होते. घरात कलुबा, तिची आई आणि शिकणारे दोन भाऊ. चूल पेटायची ती कलुबाच्या नोकरीवर, आणि हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग कलुबाची आई गेली. आजारपण फार लांबलं नाही. कलुबाने सकाळी बा चिपाशांना फोन केला, बा चिपाशांनी रसेलला कळवलं आणि गाडीत पोतं टाकलं. दफन झालं. कामावरून कोण बोलणार म्हटल्यावर बा चिपाशा बोलले. त्याच्या दुसऱ्या दिवशी रसेलचे तीन दिवस संपले. कायदा त्याला सांगितला होता, पण सांगितलेलं आणि लक्षात राहिलेलं यात बरंच अंतर असतं. शुक्रवारी त्याचा निरोप आला की कलुबाला आजपासून कमी करा.

बा चिपाशांनी त्याला फोन लावला. मी शेजारी होते.

"ती घरूनच काम करते," रसेल म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्याला खरंच कोडं पडलं होतं. "दुखवटाही घरीच आहे. मग ती ऑफिसातच बसलीय की! दिवसाकाठी दोन तास बसली तरी चाललं असतं. सतरा दवाखाने बोंबलतायत माझ्या नावाने."

"तिचं ऑफिस अंगणात आहे," बा चिपाशा म्हणाले.

"अंगणात का?"

आता हे काय सांगायचं? मयत झालं की बैठकीची खोली रिकामी करायची असते. टेबल, कपाट, सोफा सगळं बाहेर. बायका आत चटयांवर बसतात, तिथेच निजतात, आणि घरची मुलगी त्यांच्या मधोमध असते. पुरुष बाहेर शेकोटीभोवती. बा चिपाशांनी त्याला तेवढं सांगितलं. रसेलने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "बरं, तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय काढता येत नाही ना? मग आज ऐकतो. पंधरा मिनिटं आहेत माझ्याकडे."

मला वाटलं बा चिपाशा आता पिवळं कार्ड काढतील. ते म्हणाले, "चालेल. म्हणणं ऐकायचं ते कामाच्या ठिकाणी. मी तुम्हाला तिथे घेऊन जातो."

फोन बंद झाल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. "मयताच्या घरी जाऊन पोरीची चौकशी करणार? माकडाचं मटण डोक्यात गेलं का तुमच्या?"

"थोको, रेफरी कार्ड कुणाला दाखवतो?"

"चुकेल त्याला."

"मैदानात असेल त्याला. कुंपणाबाहेर उभा राहून ओरडणाऱ्याचं काही करता येत नाही. आधी त्याला आत आणू."

दुपार कलली होती. चेल्स्टनला पोचलो तेव्हा अंगणात कलुबाचं सगळं ऑफिस मांडलेलं होतं. तिच्या टेबलावर दोन बायका कोबी चिरत होत्या. कपाट आंब्याच्या झाडाला टेकवलेलं. आणि शेकोटीशी, चाकांच्या काळ्या खुर्चीत, तिचे थोरले मामा बसले होते. सोमवारपासून ते त्या खुर्चीतून जेवायलासुद्धा उठले नव्हते म्हणे. धूर ज्या बाजूला वळेल तिच्या उलट बाजूला ते पायाने जमीन रेटून सरकत, आणि बाकीचे पुरुष लाकडाच्या ओंडक्यांवर बसून त्यांच्याकडे हेव्याने बघत.

बा चिपाशांनी गुडघे वाकवून, ओंजळीने टाळी वाजवून नमस्कार केला आणि फोन पुढे धरला. स्क्रीनवर रसेल, मागे कुत्रा.

"हे कोण?" मामांनी विचारलं.

"कलुबाचे मालक."

"मालक तर तुम्ही ना?"

"मी कागदावरचा. हे खरे."

मामांनी फोनकडे निरखून पाहिलं. मग दोन्ही हातांवर जोर देऊन ते उठले. सगळं अंगण बघत राहिलं. "पाहुण्याला खुर्ची द्या," ते म्हणाले. फोन खुर्चीत ठेवला, घसरू नये म्हणून मागे कोबीचा गड्डा लावला. मग एकेक पुरुष येऊन खुर्चीपुढे वाकायला लागला. टाळी वाजवायची, मालकांनी वाट वाकडी केली त्याबद्दल आभार मानायचे, बाजूला व्हायचं. रसेलला काय करावं कळेना. तिसऱ्या माणसापासून तोही टाळ्या वाजवायला लागला. ओंजळ न करता, सपाट हातांनी वाजवत होता, पण वाजवत होता. त्याची पंधरा मिनिटं त्यातच गेली.

"मला कलुबाशी बोलायचं होतं," तो हळूच म्हणाला.

"बोलाल," मामा ओंडक्यावर टेकत म्हणाले. "आधी विचारा, बहीण कशी गेली."

"मी विचारू?"

"आलेल्याने विचारायचं, घरच्याने सांगायचं. नाहीतर आलात कशाला?"

रसेलने विचारलं, आणि मामा सुरू झाले. त्यांनी आजारापासून सुरुवात केली नाही. बहीण चार वर्षांची असताना म्पिकाच्या स्टेशनवर हरवली होती तिथून केली. बा चिपाशा इंग्रजीत सांगत होते, मामा थांबत नव्हते. बहिणीचं लग्न झालं, नवरा गेला, तिने भाजलेले दाणे विकून पोरं वाढवली. मध्ये एकदा रसेल म्हणाला, "हे सगळं ठीक आहे, पण सोमवारी दवाखान्यांना..." बा चिपाशांनी खिशातून पिवळं कार्ड काढून फोनपुढे धरलं. रसेल गप्प झाला. ओंडक्यांवरचे पुरुषही गप्प झाले, कारण त्यांना कार्ड समजत होतं.

"यांच्याकडे आई गेली तर तीन दिवस," मी मामांना म्हटलं. "कुत्रा गेला तर एक."

मामा विचारात पडले. "म्हणजे तीन कुत्र्यांची एक आई," ते म्हणाले. "काहीतरी हिशेब तर आहे."

अंगण हसलं. बा चिपाशांनी हे भाषांतर केलं नाही, पण रसेलला बहुतेक कळलं. त्याचे कान लाल झाले होते.

आता माझी पाळी होती. न्गोनी म्हणून मी आले होते आणि अजून आतल्या बायकांना हसवलं नव्हतं. मी कमरेला गुंडाळलेलं चितेंगेचं कापड सोडलं, खुर्चीला गुंडाळून गाठ मारली आणि ओरडले, "या बेम्बांचा मालक आम्ही धरला! सोडवायचा तर कोंबडी आणा!" आणि मालकासकट खुर्ची ढकलत दाराकडे निघाले. चाकं मातीत अडखळत होती, कोबी डुगडुगत होता, रसेल "अरे, अरे" करत होता. दारातल्या म्हाताऱ्या आधी दचकल्या आणि मग तोंडावर चितेंगेचं टोक घेऊन हसायला लागल्या. रडून रडून बसलेल्या आवाजांचं ते हसू ऐकलं की मला नेहमी बरं वाटतं.

बायकांच्या मधून कलुबा उठून दारात आली. डोळे सुजलेले, केसांना फडकं. खुर्चीतल्या मालकाला पाहून तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, नोकरी गेली. बा चिपाशा माझ्यामागे येऊन उभे राहिले. डाव उलटला तर पोरीला तिच्या आईच्याच दुखवट्यात सगळ्यांसमोर काढून टाकलं जाणार होतं, आणि तिला तिथे आणून उभं करणारे ते असणार होते.

रसेल तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मामांनी शिकवलेलं विचारलं. "कलुबा, आई कशी गेली?"

कलुबाला रडू आलं. रडतच ती म्हणाली, "मी काम करायचे तेव्हा ती माझ्या मागे चटईवर बसायची. इंग्रजी कळायचं नाही, कुत्र्यांची नावं मात्र सगळी पाठ होती. विचारायची, आज कुणाचं पोट बिघडलंय? आणि रविवारी चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. नावं घेऊन. पाद्री चिडायचे. ती म्हणायची, त्या कुत्र्यांमुळे माझी पोरं जेवतात. शेवटी दवाखान्यात होती तेव्हासुद्धा विचारलं, तो मेजर नावाचा पाय मोडलेला कुत्रा चालायला लागला का?"

रसेलने चष्मा काढला. बराच वेळ त्याने तो परत घातला नाही.

"ऐकून झालं?" बा चिपाशांनी विचारलं.

"झालं."

"मग काय ठरलं?"

"तिचं सगळं उरकलं की येऊ दे. दवाखान्यांचं मी बघतो." मग तो कलुबाला म्हणाला, "मेजर चालायला लागला."

निघताना मामा खुर्चीजवळ आले. "उशिरा आलात, पण आलात. आमच्या मयताला बसलात, आता या घरचे झालात," असं म्हणून त्यांनी फोन उचलून बा चिपाशांच्या हातात दिला आणि लगेच खुर्चीत बसले. मला म्हणाले, "थोको, यांनाही माकडखाऊ म्हणायला तू मोकळी."

त्यानंतर वर्ष तरी गेलं असेल. रसेलने आणखी दोघींना घ्यायचं ठरवलं. कलुबा त्यांची मुख्य होणार होती, म्हणून तीही ऑफिसात आली होती. बुधवारी दुपारी आम्ही तिघं स्क्रीनपुढे बसलो. रसेल वेळेवर आला. नव्या मुलींच्या कामाच्या वेळा, आठवड्याची सुट्टी, पहिले तीन महिने कसं बघायचं, सगळं नीट विचारत होता. आता त्याला विचारायची सवय लागली होती. बोलता बोलता म्हणाला, "पुढच्या आठवड्यात उत्तरं द्यायला थोडा उशीर होईल. वडिलांचं घर रिकामं करायचंय. शनिवारी गेले ते."

कलुबाने हातातलं पेन खाली ठेवलं.

"दफन?" बा चिपाशांनी विचारलं.

"काल झालं."

"आणि आज?"

"आज आपली मीटिंग होती ना," रसेल म्हणाला. "कंपनी माझीच आहे. मला रजा कोण देणार?" तो हसला. त्याचं ते हसणं बघवत नव्हतं.

कलुबा उठली. तिने टेबल भिंतीला लावलं, एकेक खुर्ची उचलून जिन्यात नेऊन ठेवली. मग स्क्रीनसमोर जमिनीवर पाय दुमडून बसली. मीही बसले. बा चिपाशांचे गुडघे कुरकुरले, पण तेही बसले. कलुबाने विचारलं, "वडील कसे गेले?"

रसेल सांगायला लागला. त्यानेही आजारापासून सुरुवात केली नाही. वडील त्याला नदीवर मासे धरायला न्यायचे आणि एकही मासा न मिळवता बाजारातून विकत घेऊन घरी आणायचे, तिथून केली. अर्ध्यात त्याने चेहरा कॅमेऱ्यापासून वळवला. आता माझं काम होतं. मी म्हटलं, "बघा, मासे धरता येत नाहीत, म्हणून तर तुम्ही लोक माकडं खाता."

रसेल हसला. चांगला मोठ्याने हसला, आणि हसता हसता रडायला लागला. आम्ही त्याला रडू दिलं.

थोड्या वेळाने डोळे पुसून तो म्हणाला, "माफ करा. आठवड्याच्या सुट्टीचं राहिलं होतं. अर्ध्या तासात मला दुसरी मीटिंग आहे, तेव्हा..."

बा चिपाशांनी वरच्या खिशात हात घातला. मला वाटलं पिवळं काढतात. इतक्या वर्षांत न काढलेलं, कडा झिजलेलं लाल कार्ड त्यांनी स्क्रीनसमोर धरलं.

"बा रसेल," ते म्हणाले, "इथे मालक मी आहे. मैदानाबाहेर व्हा. घरी जा."

रसेलने कार्डाकडे बघितलं. मग त्याने ओंजळ केली, या वेळी नीट, आणि हलकी टाळी वाजवली. पडदा काळा झाला.

बा चिपाशांनी कार्ड खिशात ठेवलं. खालच्या दुकानातून गाण्याचा आवाज येत होता. मी खुर्च्या आणायला उठले, तर कलुबाने माझा हात धरून मला खाली बसवलं. ओहायोत त्या घरी बसायला कुणी आलं असेल की नाही कोण जाणे, म्हणून संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो.